हवेच्या मशीनचं झबलं

ती. आई,

पुढे 'साष्टांग नमस्कार' वगैरे लिहायला हवं, पण तुमच्या-माझ्यात असलं काही कधी होतं का हो? तेव्हा नुसती हाक मारते. आई, ऐकताय ना?

आज दुपारी घरात एक गोष्ट घडली आणि ती सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. निखिलला संध्याकाळी सांगेनच. पण तुमचा मुलगा तुम्हाला ठाऊक आहे. 'अच्छा' म्हणेल आणि पानावर बसेल. तुम्ही असतात तर "मग? मग हे काय म्हणाले?" करून मला भंडावून सोडलं असतंत. मेमध्ये तुम्ही गेलात, तेव्हापासून मला असं कुणी भंडावलंच नाही.

सध्या आमच्या ऑफिसनं घरूनच काम करायला सांगितलंय. कारण नेहमीचंच, हवा! गाझियाबादचा नोव्हेंबर तुम्हाला मी काय सांगायचा? बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नाही. तुमच्या यांचं, अण्णांचं, पार्कातलं फिरणं बंद झालंय आणि खोकला सुरू झालाय. दरवर्षीसारखा नाही, आई. यंदाचा खोकला छातीच्या तळातून येतो आणि आला की थांबायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी पंप वाढवून दिला आणि मला विचारलं, "घर में प्यूरिफायर तो है ना?"

"है," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. होतंच की! तुम्ही शिवलेल्या झबल्यात गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं.

त्या झबल्याचा जन्म आठवतोय? मी काही मागवलं की दारातूनच तुमचा पुकारा, "आली गं आमच्या पार्सलवालीची पार्सलं!" आधी नाक मुरडायचं, मग चष्मा लावून वस्तू उलटीपालटी करून बघायची आणि दुपारी शिलाई मशीनवर बसून तिला कपडे शिवायचे. पाय दाबायच्या मशीनला फुलाफुलांचं कव्हर. बीपीच्या मशीनला पिशवी. किटलीला टोपी. शेकायच्या रबरी पिशवीला तर थंडीचं वेगळं आणि एरवीचं वेगळं! "झाकली की वस्तू टिकते गं." तुमच्या हातात असतं तर बाथरूममधल्या धरायच्या दांडीलाही बाह्या शिवल्या असत्यात.

माझ्या सगळ्या खरेदीत तुम्ही एकाच गोष्टीचं कौतुक केलंत, बाथरूममधल्या न घसरणाऱ्या मॅटचं. "हे एक शहाणपणाचं आणलंस," म्हणालात. ते वाक्य मी आठवडाभर मिरवलं होतं, तुम्हाला कुठे माहीत आहे!

आणि मग हवेचं मशीन आलं. तुम्ही जुन्या निळ्या इरकलीचं त्याला पायापर्यंत झबलं शिवलंत, दोन बंद लावलेत आणि चालू मशीनला ते घालून मोकळ्या झालात. दोन दिवस त्याचा 'हवा खराब' सांगणारा लाल दिवा विझेना. मी कंपनीला फोन लावून तावातावानं भांडतेय, "मशीन खराब भेजा है आपने!" आणि अण्णा मागून शांतपणे म्हणतात, "अगं, आधी त्याच्या नाकावरचा पदर काढा."

"धूळ बसेल ना त्याच्यावर!" तुम्ही म्हणालात.

"धूळ खायलाच आणलंय ना ते!"

आई, तुम्ही किती हसला होतात तेव्हा! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, पण झबलं काही टाकलं नाहीत. मग तह झाला. होळी झाली की मशीन पुसून झबल्यात बांधायचं आणि दसऱ्याला सोडायचं. दसऱ्याच्या पूजेला माझा लॅपटॉप, निखिलची गाडी आणि त्यांच्या रांगेत हे मशीन! त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान, आणि मग बटण दाबायचं. शेजारच्या आंटी म्हणायच्या, "आप मराठी लोग मशीन को भी तिलक लगाते हो?" तुम्ही म्हणायचात, "सांस देती है ना, तो भगवान ही है."

या होळीनंतरही तुम्हीच ते बांधलंत. आणि मग दसरा आलाच नाही. म्हणजे आला, पण आपल्याला वर्षभर सण नाही. ना तोरण, ना पूजा. दुसऱ्या दिवशी मी मशीनकडे गेले, तर अण्णा केवढ्यानं ओरडले! "हात लावू नकोस त्याला!" लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"ती दसऱ्याला सोडायची. यंदा आपल्याला दसरा नाही. मग सोडायचं कसं?"

आता या तर्काला काय म्हणायचं, सांगा. मी गुपचूप दुसरं मशीन मागवलं. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "वापस ले जाओ भैया, घर में है हमारे पास." निखिल म्हणतो, वेळ दे त्यांना. अरे, वेळ देईन रे, पण श्वास कुठून देऊ?

आज जेवताना पहिल्याच घासाला ठसका लागला. वरणभात तसाच राहिला. मी पाठ चोळतेय, पंप देतेय, आणि त्यांचे ओठ काळसर दिसायला लागले. खूप वेळानं श्वास जागेवर आला. आणि मग, आई, माझं डोकं फिरलं. तुमचीच मोठी कात्री काढली आणि तरातरा मशीनपाशी गेले. म्हटलं, गेलं खड्ड्यात ते झबलं!

अण्णा भिंत धरत मागे आले. या वेळी ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "कापू नकोस गं केतकी. तिच्या हातची शेवटची गाठ आहे ती."

कात्री खालीच ठेवली मी. तिथेच फरशीवर फतकल मारून बसले आणि रडले. डोळे पुसताना समोर ती गाठ होती. इतके दिवस आम्ही तिच्यासाठी भांडत होतो, पण नीट बघितली कुणीच नव्हती.

सुरगाठ होती, आई! आणि तिचं एक टोक चांगलं लांब सोडलेलं, अण्णांच्या खुर्चीच्या बाजूला.

मला एकदम आठवलं. मी नवी होते तेव्हा चिवड्याच्या पिशवीला घट्ट निरगाठ मारली होती. तुम्ही ती दातानं सोडवलीत आणि म्हणालात, "या घरात निरगाठ मारायची नाही हं. यांची बोटं आखडतात, यांना सुटत नाही." मग काय, शेकायच्या पिशवीचे बंद, औषधांचा बटवा, सगळीकडे सुरगाठ, आणि टोक लांब.

"अण्णा, बघा तरी," मी म्हटलं, "ही गाठ आईंनी कुणासाठी मारलीय?"

ते गाठीकडे वाकले. मग हळूच स्टुलावर टेकले. ते लांब टोक दोन वाकड्या बोटांत धरलं आणि ओढलं.

"सुटली गं," म्हणाले. "एवढीशी ओढली आणि सुटली."

आणि रडले, आई. घाटावर रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. आज लहान मुलासारखे रडले. मी रडू दिलं.

मशीन लावलं. कुंकू नाही, फूल नाही. लाल दिवा तासाभरानं पिवळा झाला. अण्णा खुर्चीत झोपलेत, मांडीवर झबल्याची घडी आहे. मधूनच खोकतात, पण मघासारखं नाही. मी शेजारी बसून हे लिहितेय.

एका बाबतीत मात्र माझा तुमच्यावर राग आहे, तो आहेच. पाठीसाठी म्हणून आणलेल्या त्या गादीचं प्लास्टिक तुम्ही शेवटपर्यंत काढू दिलं नाहीत! कूस बदलली की रात्रभर चरचर. खराब होईल, खराब होईल! तुम्ही एक रात्र तरी त्या गादीवर नीट पाठ टेकायला हवी होतीत हो. मला फार वाटतं तसं. कात्री बाहेर निघालीच होती, म्हणून झोपण्यापूर्वी अण्णांना विचारलं, फाडू का? म्हणाले, "बिल्कुल फाड. मला पहिल्यापासून त्याचा वैताग होता. पण तिला कोण सांगणार?" फाडलं मी. रागावू नका.

आणि आता तुम्हाला एक शब्द देते. होळी झाली की मशीन मीच पुसेन आणि त्याला तुमचं झबलं मीच घालीन. माझी शिलाई तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे ते उसवलं तर जमेल तसे टाके घालीन, वरून हसायचं नाही. पुढच्या दसऱ्याला कुंकू, फूल, सगळं होईल आणि सोडतील अण्णाच. गाठ सुरगाठच असेल, आई. टोक लांब सोडीन, त्यांच्या खुर्चीच्या बाजूला.

तुमची पार्सलवाली,
केतकी