तिसरी खुंटी

सोमवार, ३ नोव्हेंबर
बालवर्गात शिवणाचा मदतनीस म्हणून लागलो. सध्या ट्रायलवर. बावीस तारखेला पालक येणार. तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात त्याने स्वतः शिवलेलं एक खेळणं असलं, तर परमनंट, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्य. नाहीतर काय, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न इथे लागू होत नाही.
शिक्षकांच्या खोलीत भिंतीला तीन खुंट्या आहेत. दोन खुंट्यांखाली नावाच्या पट्ट्या, तिसरी रिकामी. मुलांच्या खुंट्या वर्गात, बऱ्याच खाली. मुलांना वाचता येत नाही म्हणून तिथे नावांऐवजी चित्रं: केळं, छत्री, बेडूक. बेडकाला शेपटी काढली आहे. बाईंच्या लक्षात आणून दिलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. छाप पडली.
अर्जात 'शिवणकामाचा अनुभव: चार वर्षं' लिहिलं होतं. खोटं नाही. नववीत शाळा सुटल्यावर चार वर्षं शिंप्याच्या दुकानात मापं लिहून घेत होतो. एकाही मापात खाडाखोड नाही. सुई हातात घेतली नाही ती शिंपीमास्तरांच्या हट्टामुळे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पहिला तास. नऊ मुलं. मला सर म्हणायचं, असं सांगितलं. सगळी दादा म्हणतात.
माझा प्लॅन: पहिला आठवडा सुई नाही, फक्त थिअरी. फळ्यावर सुई काढली. टोक, दांडा, नेढं. एका मुलीने विचारलं, दादा, खरी सुई कधी? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग आत्ता आम्ही काय करू? म्हटलं, समजून घ्या. काय समजून घेऊ? हिचं नाव मी मनातल्या मनात शंका ठेवलं आहे.
एक मुलगा दोरा खात होता. अर्धं रीळ संपवलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
खेळणं ठरलं: मासा. ठिपक्यांच्या कापडाचे सारखे दोन तुकडे आणि बटणाचे डोळे. बाईंचा सल्ला असा की तुकडे एकावर एक ठेवून मुलांना वरूनच टाके घालू द्यावेत, कापूस भरावा, झालं. नम्रपणे नकार दिला. मास्तर म्हणायचे, शिलाई दिसली की इज्जत गेली. त्यामुळे मासा शर्टासारखा शिवायचा. ठिपक्यांची सुलट बाजू आत, टाके उलट बाजूने, मग उलटायचा. शिलाई आपोआप आत जाते. बाई म्हणाल्या, जमेल ना? म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?
दोराखाऊ आज खडू खात होता.

रविवार, ९ नोव्हेंबर
घरी नमुना करायला बसलो. सुई ओवायला वेळ लागला. हल्ली नेढी लहान करतात. मांडीवर कापड घेऊन शिवलं. टाके इतके सारखे आले की माझाच विश्वास बसेना. तेवढ्यात दारावर माझ्या मोठ्या भावाची, दादाची थाप. उठलो, तर मासाही माझ्याबरोबर उठला. शेपटीपर्यंत पँटला शिवला गेला होता.
वहिनी म्हणाली, भावोजी, मासा गळाला लागला म्हणायचं की गळ माशाला? दादा हसला नाही. त्याने पँट ओळखली. त्याची होती.
मासा कात्रीने कापून सोडवावा लागला, पँटही थोडी. यातून सिद्ध झालं की टाका मजबूत आहे. नमुना पुरा झाला नाही, पण तत्त्व डोक्यात पक्कं आहे. दुसरा करत बसण्यात अर्थ नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सुया दिल्या. बोथट, मोठ्या नेढ्याच्या. आधी डोळे लावून घेतले. दोराखाऊने बटण नाकात घातलं. सगळी घाबरली, मी सर्वांत जास्त. शिंकेबरोबर बाहेर आलं. तेच लावलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
कडेची शिलाई. डोकं फिरायची वेळ. दर दोन टाक्यांना गाठ, दर गाठीला रडं. दोन मैत्रिणींनी आपापले मासे एकमेकांना शिवून टाकले आणि आता सोडवू देत नाहीत. संपूर्ण कड पुरी करा, असं तीनदा बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
तपासणी. प्रत्येक माशाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकाचीही कड पुरी नाही! शंकाने तर शेपटीजवळ चांगलं ऐसपैस भोक ठेवलेलं. का, म्हणून विचारलं. म्हणाली, आत हात जायला. म्हटलं, माशात हात घालायचं काय काम? म्हणाली, मग तो सुलटा कुठून होणार? शंका शेवटी विचारायच्या असतात, असं सांगून गप्प केलं. हिच्या नादी लागलो तर पालक येऊन परत जातील.
नऊच्या नऊ मासे घरी आणले आणि सगळ्या फटी स्वतः बुजवल्या. दुहेरी दोरा, बखियाचे, म्हणजे मागे येऊन पुढे जाणारे घट्ट टाके. बोटं सुजली, पण आता आत मुंगीसुद्धा शिरणार नाही.
नावाची पट्टीही करून ठेवली. काळी शाई, ठळक अक्षर.

गुरुवार, २० नोव्हेंबर
कापूस आला.
कापूस कुठून भरायचा?

त्याच दिवशी, दुपारी
पेन्सिलीने टाक्यांमधून ढकलून पाहिला. एका माशात चिमूटभर गेला. पेन्सिलीचं टोकही गेलं. माझे टाके उसवायला घेतले, तर उसवेनात. कापड फाटेल म्हणून कात्री लावायची हिंमत होईना. ठिपके, डोळे, सगळं आत. बाहेर नुसत्या गाठी. शंकाने मासा कानाला लावला आणि म्हणाली, तो आतून बघतोय. बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, परवा पालक येतायत.
मला तारखा वाचता येतात.
घरी वहिनीने विचारलं, झाले का मासे? म्हटलं, झाले. मग तोंड का असं उलटं, म्हणाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
मार्ग सापडला. पालकांना सांगायचं की हा झोपलेला मासा. नवी पद्धत आहे. मुलांची कल्पनाशक्ती वाढते. दोन पानी भाषण लिहिलं. शुद्धलेखन तपासलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
भाषण 'आदरणीय पालकहो' इथपर्यंतच झालं. एका वडिलांनी विचारलं, हे पायपुसणं का? एक आई म्हणाली, उलटं धरलंयस सोन्या, फिरव. फिरवलं. दुसरी बाजूही उलटीच.
तेवढ्यात शंकाने माझ्या बखियाशेजारचा स्वतःचा एक सैल टाका पकडून ओढला. सरसर शिलाई निघाली, हात आत गेला आणि मासा बाहेर आला. लाल, ठिपक्यांचा, डोळ्यांसकट. आईला म्हणाली, मी भोक ठेवलं होतं, दादांनी बुजवलं. झालं. सगळी मुलं आपापले मासे घेऊन तिच्याभोवती. पालकांनी जमिनीवर बसून कापूस भरला. कापसाची पिशवी मी धरली.
नोंद: माझा एकही टाका तुटला नाही.
निघताना बाई म्हणाल्या, सोमवारी या, तुमच्यासाठी खुंटी ठेवली आहे. पुढेही काही सांगत होत्या, पण मी ऐकायला थांबलो नाही. परमनंट! दादाने पाठीवर थाप मारली, म्हणाला, आता स्वतःची पँट घे. वहिनीने दोनदा विचारलं, खुंटी असंच म्हणाल्या ना?

सोमवार, २४ नोव्हेंबर
तिसऱ्या खुंटीवर बाईंची पर्स होती.
बाई म्हणाल्या, तिथे नाही, इकडे या. वर्गात नेलं. ओळीतली शेवटची, माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. वरती कासवाचं चित्र. म्हणाल्या, कपाट लावा, मुलांना पाणी द्या, आणि शिवणाच्या तासाला यांच्यातच बसा. आधी शिका. शिकवायचं मग बघू.
पिशवी वाकून अडकवली. पट्टी खिशातच राहिली. शेजारची बेडकाची खुंटी शंकाची. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, दादा, सुई ओवून देऊ?
म्हटलं, दे.
कासवाला पाच पाय काढले आहेत. काही बोललो नाही.