रेडिओला लावलेलं हळदकुंकू

अण्णा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. खंडेनवमीला सकाळी काकांनी साफसफाईसाठी रेडिओ खिडकीतून उचलून देवघराजवळच्या चौरंगावर ठेवला आणि तिथे त्याचा प्लग लावून दिला.
२. शस्त्रांबरोबर यंत्राचीही पूजा करायची होती. आई म्हणाली, वरच्या लाकडाला काय पुजायचं, आतलं दाखव. मी पेटी काढून बाजूला ठेवली.
३. त्याआधी मी बटण बंद केलं होतं. प्लग काढला नव्हता.
४. आईने ओल्या बोटाने चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, हळद लावली. कुंकू लावायच्या आत ती मागे फेकली गेली.
५. आई वाचली. बोट भाजलं आहे, खांदा दुखावला आहे.
६. संध्याकाळी काकांनी सांगितलं की हे खोकं मोडीत जाईल आणि मी भोपाळला जाणार नाही.

भोपाळचं तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि आपलं मध्यभारत अजून व्हायचं होतं. आता ते संपतंय. नवं राज्य होतंय, आमच्या खात्याची प्रयोगशाळा भोपाळला हलतेय आणि मी तिच्याबरोबर जाते की इथेच राजीनामा देते, ते लिहून कळवायचं आहे. काकांच्या होकाराशिवाय आई पाठवणार नाही. तुमच्यामागे त्यांनीच आम्हाला सांभाळलं. त्यांचा शब्द मोडणं आईला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सोपं नाही.

त्या दिवशी शेजारच्या मावशी धावत आल्या. आई जमिनीवर बसलेली, केस सुटलेले, बोट तोंडात. मावशींनी आधी नाडी पाहिली, मग हसायलाच लागल्या. "क्यों भाभी, देवी ने प्रसाद हाथोंहाथ दे दिया?" आईही हसली आणि मला म्हणाली, "अगं, मेले नाहीये मी. अशी खांबासारखी उभी काय राहिलीस? चहा ठेव." काका हसले नाहीत. त्यांनी प्लग उपटला आणि वायर मनगटाला गुंडाळत म्हणाले, "शिकली ना बाईसाहेब सगळं? आता भोपाळला जाऊन तिथल्या लोकांना पण करंट देणार?"

मी म्हटलं, "काका, नक्की काय झालं ते मला आधी तपासू दे."

"तपासायचं काय त्यात? चासी दादांच्या, तुझ्या अण्णांच्या हातची आहे. दादांच्या कामात गडबड निघणार नाही, बिलकुल नाही. नंतर जे जोडलं ते तू जोडलंस."

ते खरं आहे. व्हॉल्व्ह, स्पीकर, स्टेशन लावायचा भाग, सगळं मी जोडलं. पण विजेची तार जिथून आत येते तिथले जोड तुमचे आहेत. ते मी मुद्दाम तसेच ठेवले होते. ते काढून नव्याने करायचं कारण मला कधी सापडलं नाही, आणि मी ते शोधलंही नाही.

मला तो स्वयंपाकघराचा कोपरा आठवतो. आईची शेगडी, तिच्या निखाऱ्यात खुपसलेलं तुमचं सोल्डरचं लोखंड, आणि आई ओरडते आहे की भाकरी कशावर भाजू. तुम्ही हसून लोखंड बाहेर काढता, त्याचं टोक नवसागरावर घासता, धूर होतो. मी परकरात, पाटावर. लढाईमुळे ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, तुम्ही मला सांगता, म्हणून आपण त्याच्याशिवाय करू. आणि मी चासीला दोन्ही हात लावते तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर फाडकन मारता. "एक हात पाठीमागे! वीज असो वा नसो, एक हात पाठीमागे." मी रडते. तुम्ही समजावत नाही. पुन्हा तेच सांगता.

परवा दुपारी आई झोपली असताना मी मीटर लावून पाहिलं. दोन तारांपैकी एक वीज आणते, तिला आम्ही फेज म्हणतो. तुम्ही चासी एका तारेला थेट बांधली आहे आणि बटण दुसऱ्या तारेत घातलं आहे. प्लग सरळ लागला तर पत्र्यात काही नसतं. उलटा लागला तर फेज थेट पत्र्यावर येते, आणि बटण बंद केलं तरी तिथेच राहते. आपला प्लग दोन पिनांचा, दोन्हीकडून बसतो. त्या दिवशी काकांनी तो उलटा लावला. हे त्यांना सांगून उपयोग नाही. ज्या यंत्रात प्लग कसा बसला यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, ते यंत्रच चुकीचं आहे. प्लग न काढणं ही माझी चूक, तीही मी मोजली आहे. तिच्या आधीची तुमची.

म्हणजे काकांना द्यायला माझ्याकडे एक उत्तर आहे. ते दिलं की काका गप्प होतील, कारण मीटर त्यांनाही वाचता येतो. पण ते आईसमोर द्यावं लागेल. काल तिच्या खांद्याला तेल चोळताना मी विचारलं, आतल्या पत्र्यालाच हळद लावायचा हट्ट का केलास? ती म्हणाली, "त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय. लाकूड तर सुताराचं."

मी वाटीत पुन्हा बोटं बुडवली. तेल चोळत राहिले.

मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. मनगटावर मारलंत, म्हणजे पत्रा धोक्याचा आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग लढाई संपल्यावर पत्र्याला विजेच्या तारेपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर घालणार होतात का? घालणार होतात, तर मी आईला सांगू शकते की काम अर्धं राहिलं होतं. अर्धं काम आणि चुकीचं काम यांत फरक आहे, आणि आईला तो कळेल. पण तुम्ही तसं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. न आठवलेलं मी तुमच्या नावावर सांगणार नाही.

आणखी एक. मीटरचा काटा वर गेला आणि चूक तुमची निघाली, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. भोपाळ दिसलं. हे पत्र टपालात जाणार नाही म्हणून हे लिहू शकते.

काका धनत्रयोदशीला संध्याकाळी येणार आहेत. खात्याला द्यायचं माझं उत्तर त्यांच्यासमोर लिहायचं ठरलं आहे. आई तिथे असेल. त्या दिवशी दुपारपर्यंत तुमचं काही कळलं नाही, तर मी मीटर बाहेर काढेन. कृपया त्याआधी कळवा.