सुकेळ्यांचं छाटलेलं पान

भुईगाव (वसई), १२ ऑक्टोबर २००२

ती. विनिताताईस, सा. न.

रत्नागिरीत सगळे मजेत असाल. इथे बाबांच्या वाडीत राजेळी केळी छान धरली आहेत. सावित्रीआत्याकडून उतरवून घेतलेल्या आठवणी आणि सुकेळी वाळवायची तिची कृती अखेर छापखान्यात गेली. पुस्तक मी स्वतःच काढते आहे, शिकवणीच्या पैशांतून.

तू सुचवलेल्या चंद्रहासकाकांना मात्र लिहिलं नाही. संपादनाचं मानधन दिलं असतं, तर रंगीत मुखपृष्ठ जमलं नसतं. शिवाय घरातली पहिली बी.ए. मी. आमच्याच वाडीतली गोष्ट परक्याकडून तपासून घ्यायची, तर शिकले कशाला? आत्या फार पाल्हाळ लावते, तेवढं मीच छाटलं.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी,
हेमांगी

रत्नागिरी, २८ जानेवारी २००३

चि. हेमांगीस, अनेक आशीर्वाद.

मुखपृष्ठ देखणं झालंय. फोटोत आत्या तुझ्यापेक्षा तरुण दिसतात!

पण एक कळवायलाच हवं. आमच्या बचतगटाने प्रदर्शनात विकायला तुझ्या पुस्तकाबरहुकूम केळी सोलून वाळत घातली. सगळ्यांना बुरशी आली. पुस्तकात ऊन आहे, मांडव आहे, संध्याकाळी काय करायचं ते नाही. बायकांनी केळी दवात उघडीच ठेवली. आता म्हणतात, वसईच्या बाईने मुद्दाम हातचं राखलं. मी भांडले गं, पण पुस्तक त्यांच्याच हातात. आत्यांनी सांगितलं नव्हतं का?

जेवत जा वेळेवर. माया आहेच.

तुझी,
विनिताताई

भुईगाव, ७ फेब्रुवारी २००३

ती. विनिताताईस, सा. न.

आत्याने सांगितलं होतं. माझ्या वहीत दीड पान आहे: ऊन उतरायच्या आत केळी उचलायची, टोपलीत सुक्या पानांखाली झाकायची, सकाळी दव गेल्यावर पुन्हा मांडायची. आमच्याकडे हे लहान पोरींनाही ठाऊक, म्हणून मला ते पाल्हाळ वाटलं. चंद्रहासकाकांनी पहिल्याच वाचनात विचारलं असतं, की संध्याकाळी केळी जातात कुठे?

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिही त्यांना, म्हातारी सांगायला विसरली. तू शिकलेली, तुझं नाव कशाला खराब? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

परवा आमच्या हळदीकुंकवाला शेजारच्या मार्गारेटबाईही आल्या होत्या. त्यांनीच विचारलं, पुस्तकात झाकायचं कसं नाही? तर आत्याने सगळ्यांसमोर कपाळावर हात मारला आणि विसरले म्हणाली. बायका खूप हसल्या. जन्मभर सुकेळी करून घर चालवलेली बाई सुकेळी विसरली, म्हणे! मी वाण वाटत होते, ताई. वाटतच राहिले.

उरलेल्या प्रती विकणं थांबवलं आहे. चंद्रहासकाकांना वही पाठवून मानधन विचारलं आहे. आज मार्गारेटबाईंकडे जाऊन खरं सांगणार आहे, मग एकेका घरी. तिथे तुझ्या गटात हे पत्र मोठ्याने वाच. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

यानंतरही लोभ उरला, तर दोन ओळी धाड.

तुझी,
हेमांगी