झरोक्यांतला फोम

बाबा,

मला लवकर निघावं लागतंय. दहा वाजता फोमवाला येईल. माळ्याच्या झरोक्यांत त्यानंच फवारलेला फोम तो कापून काढणार आहे. तोवर वरचा पंखा चालू ठेवा. त्याला चहा द्या आणि कृपा करून बुरशीवरून त्याला बोलू नका.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी वाशांवरची बुरशी पुसताना तिनं फोमवाल्याचा उद्धार केला होता, "मेल्यानं घराचं नाक दाबलं!" मी खाली शिडी धरून हसले. तो बिचारा झरोके उघडे ठेवा म्हणत होता. धूळ येते म्हणून मीच बुजवायला लावले.

मघाशी वर गेले होते. वासे अजून ओलेच आहेत. तिथं मोठ्यानं म्हटलं, "आई, त्याची नाही गं, माझी चूक होती."