बाबांची ड्यूटी

आदरणीय काकांना,

कंबर धरून, पण मनापासून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंचा खोकला? (आणि काकूंचा राग? त्यांना सांगा, तुमच्याकडच्या लग्नाला आलो नाही त्याचं कारण खरंच पोट होतं.) आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही आणि बाबा एकाच बँकेच्या एकाच दारावर पहारेकरी होतात, सकाळी ते, दुपारी तुम्ही. निवृत्त झाल्यावर तुम्ही बंदूक विकून टाकलीत, बाबांनी कपाटात ठेवली. आता त्यांच्या डोक्यातून घर पुसलं गेलंय आणि बँक तेवढी उरलीय. रोज दाढी करून, खाकी सदरा चढवून, दुनळी घेऊन ते आमच्या दारात स्टुलावर बसतात. माझ्याच घरात शिरायला मला टोकन दाखवावं लागतं (जुन्या कोटाचं बटण आहे, पण चालतं). सूनबाई त्यांच्या लेखी कॅशियर, तिला सलाम मिळतो. मला मिळत नाही. गॅसवाला रिकामी टाकी न्यायला आला, तर माल बाहेर जाणार नाही म्हणून बाबांनी त्याच्यावर नळी रोखली. तो टाकी सोडाच, चपलाही टाकून पळाला. काळजी नको, बंदूक रिकामी आहे. काडतुसं मी पिठाच्या डब्यात लपवलीत.

बाबा आंघोळीला गेले असताना एकदा ती उचलली. तर नोकरी गेली म्हणून माणूस लहान मुलासारखा रडला. शेवटी मीच परत दिली. मग पोलीस चौकीत चौकशी केली. परवाना बाबांचा, त्यामुळे ती घेऊन मी रस्त्यावर आलो की गुन्हेगार, आणि घरी राहू दिली की मूर्ख (याला अजून कलम नाही). नूतनीकरण जवळ आलं होतं. म्हटलं, परवाना कचेरीतल्या साहेबांनी बाबांना एकदा समोर पाहिलं की विषय संपला. पण तिथे बाबा असे काही उजळले की काय सांगू! टाचा जुळवल्या, नाव, जन्मतारीख, बंदुकीचा नंबर, सगळं खडाखडा. बंदूक कशाला हवी, असं विचारल्यावर म्हणाले, "साहेब, ड्यूटी आहे." साहेब बेहद्द खूश. परवाना नवा करून हातात. बाहेर आल्यावर बाबांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या शाखेचे?" काका, मला तिथेच रडू आलं.

असो. काकूंना नमस्कार.

आपला,
टोकनधारक पुतण्या

ता. क. खरं काम असं, की तुम्ही या. बाबा बंदूक कुणाच्या हाती देत नाहीत, पण ड्यूटी बदलायला आलेल्याला देतातच. खाकी सदरा घालून दारात उभे राहा आणि पूर्वीसारखं "सगळं ठीक?" विचारा. बाबांनी आपल्या हाताने दिली तर लगेच ताब्यात घ्यायला चौकीतला हवालदार जिन्यात थांबेल, तेवढं तिथल्या साहेबांनी कबूल केलंय. उशीर मात्र करू नका. तुम्ही रोज उशिरा यायचात म्हणे. बाबा अजूनही घड्याळाकडे बघून तुमचा उद्धार करतात.

ता. क. दुसरा. हा कागद वेगळा जोडतोय, काकूंना दाखवू नका. बंदूक रिकामी नव्हती. परवा मी टोकन विसरलो. चौकटीला माझ्या कानाच्या उंचीवर भोक पडलंय. शेजाऱ्यांना कुकर फुटला म्हणून सांगितलं, बायकोला माहेरी पाठवलं. चौकीत खरं सांगितलं तर ते बाबांना उचलून नेतील. आणखी काडतुसं कुठे आहेत, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते, काका. मला ते ओळखत नाहीत, तुम्हाला ओळखतील.

ता. क. शेवटचा. बंदूक दिल्यावर ते विचारतील, "मी घरी जाऊ का?" हो म्हणा. ते बाहेर निघतील, तेव्हा खांदा धरून आतल्या बाजूला वळवा. "बाबा, आलात?" म्हणायला मी आत उभा असेन.