माझ्या नावाचं रक्त

३ नोव्हेंबर
१.९. दवाखान्याच्या चिठ्ठीवर एवढंच. गेल्या वर्षी १.२ होतं. कारखाना ऊसतोडीला घेतो तो १.३ पर्यंतच. महिन्याभरात हंगाम — आणि मला दुसरं काय येतं?

४ नोव्हेंबर
नर्स न्यूबियाबाईंकडे परत गेलो. म्हटलं, सात दशांशच तर वाढलंय. त्या वैतागल्या नाहीत. "क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला केर, अबेलिनोभाऊ. मूत्रपिंडं तो झाडून बाहेर टाकतात. केर साठला म्हणजे झाडणारे थकले. एकाचं दोन झालं की निम्मं काम थांबलेलं असतं."
दुखत तर काहीच नाही, मी म्हणालो.
"दुखत नाहीच. म्हणून तर गावातले एवढे गेले."
एका चिठ्ठीवर निकाल लावत नाहीत, म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर ऊन नको, पाणी भरपूर. तीन महिन्यांनी अर्धा ऊस तोडून झालेला असेल.

७ नोव्हेंबर
कारखान्याची माणसं रक्त घ्यायला एकोणीस तारखेला येणार, शाळेच्या मैदानात. गल्लीत कुणाकडे मांस शिजत नाही. सगळे जवसाचं पाणी पिताहेत. शेजारचा एवारिस्तो कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, कितवा तांब्या? मी तर आता डरांव डरांव करायचाच बाकी आहे." माझा आठवा होता. यानं मूत्रपिंडं बरी होत नाहीत, झाला तर आकडा थोडा लपतो. दोघांनाही माहीत आहे.

११ नोव्हेंबर
बसनं चिनान्देगा शहरात जाऊन रक्त पुन्हा तपासलं. १.९. जवस फुकट.
मारियामातेपुढे बसलो. काही मागता आलं नाही.

१४ नोव्हेंबर
याडेरनंच विषय काढला, जेवताना. सत्तावीस वर्षांचा झाला पोरगा. विटांच्या भट्टीवर काम करतो. उसाला मी त्याला कधी शिवू दिलं नाही — आयुष्यात तेवढी एक गोष्ट नीट केली.
"तुमचं ओळखपत्र द्या, बाबा. टोपी घालून मी उभा राहतो रांगेत. चारशे माणसं असतात. रक्त घेणारी पोरगी ओळखपत्राचा नंबर बघते, तोंड कुठे बघते?"
तोमासा भाकरी टाकता टाकता थांबली. "बापाला मारायला निघालास?"
"आई, घरी बसून मरायचं की उसात, ते त्यांचं त्यांना ठरवू दे."
कुणी हसलं नाही. त्यानं भात-घेवडा निम्मा तसाच ठेवला. हल्ली जेवण जात नाही त्याला. भट्टीची उष्णता, म्हणतो.

१६ नोव्हेंबर
हो म्हणालो. खोटं ते खोटंच. हंगाम संपला की पाद्रीबाबांपुढे सगळं सांगेन.

१९ नोव्हेंबर
झालं. तो मैदानात होता तेव्हा मी चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर. त्याचं रक्त माझं म्हणून चालू दे — एवढंच घोकत होतो. याहून हलक्या प्रतीची प्रार्थना मी कधी केली नसेल.
दुपारी आला. कोपराच्या खळग्यात कापूस. "अभिनंदन, बाबा. आजपासून तुम्ही सत्तावीस वर्षांचे."
कोयत्याला धार लावली.

२२ नोव्हेंबर
झोप नाही. पकडले गेलो तर? त्याचंही नाव खराब होईल.

२५ नोव्हेंबर
रक्ताच्या निकालाची यादी उद्या. तोमासा पाच दिवस बोललेली नाही. पण आज बघितलं, तोडीचा सदरा शिवून, धुऊन वाळत घातलाय.

२६ नोव्हेंबर
यादी लागली. अबेलिनो सार्मिएंतो — ३.१. अपात्र.
मुकादमानं खांद्यावर हात ठेवला. "जपा, भाऊ. फार वाढलंय तुमचं."
माझं नाही ते.
एका चिठ्ठीवर निकाल लावत नाहीत — न्यूबियाबाईंचं तेवढं वाक्य धरून भट्टीवर निघालोय, त्याला उन्हातून बाहेर काढायला. पाणी भरून घेतलंय.