मुखडा नसलेली धून

बाबा, तुमची ती जॅझची धून काल पुन्हा ऐकली. तुमची म्हणजे, त्या अनोळखी बँडने वाजवलेली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लावण्याआधी मी खोलीचं दार लावून घेतलं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यानंतरचे दिवस. मी भंडाऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मैत्रिणीच्या भावाने नागपूरहून आणलेली कॅसेट मी जवाहरनगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेपवर लावते. तुम्ही ड्युटीवरून येऊन ताटावर बसलेले. दारूगोळ्याच्या कारखान्यात, स्फोटकांच्या सेक्शनमध्ये तुमचा जन्म गेला. अंगातली वीज उतरवायला दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावल्याशिवाय आत पाऊल नाही, ठरल्या क्रमाबाहेर काही करणं नाही. क्लबातल्या रेकॉर्डवरून उचललेली ती धूनही तुम्ही ट्रम्पेटवर तशीच्या तशी वाजवायचात, मलाही तशीच शिकवली होतीत. शनिवारी कॉलनीच्या कार्यक्रमात मला ती या बँडसारखी वाजवायची होती, आणि ट्रम्पेट होतं फक्त तुमचं.

ऑर्गन थरथरत येतो, गिटार पाण्याखालून बोलल्यासारखी, बेस आणि ड्रम पाय हलवायला लावणारे. मुखडा मात्र कुठेच नाही.

"हे काय लावलं वं?"

"तुमचीच धून आहे, बाबा."

"माही? मंग तिचा मुखडा कोणं चोरला?"

"आधी जेवा," आई म्हणाली. "मुखडा पळाला तं पळू द्या, भात थंडा होऊन राहिला."

तुम्ही ताट सरकवलंत, हात धुतलेत, ट्रम्पेट काढलंत आणि त्या वाजण्यावर मुखडा बसवायला लागलात. दर वेळी शेवटाला मागे पडत होतात. पुन्हा रिवाइंड. कपाळावरची शीर फुगलेली. आता कॅसेट भिंतीवर जाते की काय, म्हणून मी टेपजवळून हलत नव्हते.

"एक मात्रा खाल्ली यायनं," शेवटी म्हणालात. "जाणूनबुजून खाल्ली." ट्रम्पेट पुसून माझ्या मांडीवर ठेवलंत. "वाजव. पण माह्यासमोर नोको."

शनिवारी तुम्ही आला नाहीत. आई म्हणाली, रागावलेत. मीही तेच धरून बसले, तुम्ही गेलात तोवर. आता वाटतं, तो राग नसेलही. तुम्ही समोर बसलात की माझे हात कोणाचं ऐकतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. की हे मी माझ्या सोयीने मानते आहे? विचारायला तुम्ही नाही, आणि हे पत्रही वहीतून फाडून कुठे पाठवायचं नाही.

एवढं मात्र खरं. वाजवण्याआधी मी खुर्च्यांच्या रांगांमधून तुम्हाला शोधलं होतं. दिसला नाहीत, आणि मला सुटल्यासारखं झालं. दिसला असतात, तर मी ती तुमच्यासारखीच वाजवली असती.